वरचा गारवा

फिटरने एसी सुरू केला आणि वरच्या मजल्यावर धाकट्या जावेने "आहाहा!" म्हणत डोळे मिटले. त्याच क्षणी खाली वहिनींच्या खिडकीतून गरम वाऱ्याचा लोट आत घुसला.

ही त्यांची एकुलती एक खिडकी मागच्या चिंचोळ्या बोळात उघडायची. एसीचा बाहेरचा डबा त्याच बोळात, समोरच्या भिंतीवर, खिडकीकडे तोंड करून ठोकला होता. खोलीत शिवायला घेतलेल्या शाळेच्या पांढऱ्या शर्टांचा ढीग पडलेला. पांढऱ्या कापडावर घाम ठिबकला की पिवळट डाग राहतो. एवढं काम बिघडलं की शाळा पुढच्या वर्षी दुसरा शिंपी बघणार, यात वहिनींना शंका नव्हती.

त्यांनी खिडकीतून मान वर केली. "भावजी, ही भट्टी कुणासाठी पेटवलीत?"

दीर वरून वाकला. "अहो वहिनी, खोलीतली गरमी कुठेतरी बाहेर सोडावी लागतेच ना!"

"मग गच्चीवर सोडा."

"गच्चीवर ऊन मरणाचं. मशीन तापून बंद पडतं. त्याला सावली लागते."

"त्याला सावली लागते. आणि मला?"

दीर मनाचा वाईट नव्हता. घामोळ्यांनी त्याचं तान्हं बाळ रात्रभर रडायचं, आणि त्याला पावडर लावायला वहिनीच वर जायच्या. एसी आला याचं त्यांना वाईट वाटलं नव्हतंच. पण दीर म्हणाला, "तुम्ही खिडकी लावून घ्या की. होईल हळूहळू सवय." गार खोलीतून आलेला हा सल्ला मात्र त्यांच्या डोक्यात गेला.

तरी त्यांनी खिडकी लावून पाहिली. घटकाभरात खोलीत जीव गुदमरायला लागला. बोटं ओली झाली, कापड हातातून सुटायला लागलं. नाकाच्या शेंड्यावर जमलेला थेंब कॉलरवर पडणार, तेवढ्यात त्यांनी मान मागे घेतली.

"बास झालं," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि शिलाई मशीनचा पट्टा काढला.

फिटर जिन्याशी अवजारं गोळा करत होता. "दादा, जरा हात लावा," वहिनी म्हणाल्या. त्या बिचाऱ्याला घरातलं राजकारण काय माहीत! त्याने मशीनचा सांगाडा उचलला, वहिनींनी मशीन छातीशी धरलं, आणि वरात वर निघाली.

धाकटी पलंगावर ताडकन उठून बसली. वहिनींनी पलंग गुडघ्याने सरकवला, मशीन जोडलं, खाली जाऊन शर्टांचं गाठोडंही आणलं. बाळ गाढ झोपलं होतं. त्याचं पांघरूण त्यांनी जाता जाता नीट केलं.

"वहिनी, अहो, ही आमची झोपायची खोली!" दीर दारातच थबकला होता.

"असू दे की. मला कुठे झोपायचंय?"

"पण किती दिवस?"

"खाली बसता येईपर्यंत."

दीर एकदा बायकोकडे, एकदा बोळाकडच्या खिडकीकडे बघत राहिला. वहिनींनी सुईत दोरा ओवला. किती दिवसांनी बोटं कोरडी होती! शर्ट सुईखाली सरकवून, मान वर न करताच त्या म्हणाल्या,

"दार लावून घ्या भावजी, गारवा बाहेर चाललाय."