मुक्कामाला गेलेला हत्ती

उन्हाळी उपक्रमात मुलांची खेळणी एक रात्र वाचनालयात मुक्कामाला राहिली. सकाळी चिमुरडी धावतच आली, तर तिचा कापडी हत्ती उघड्या पुस्तकावर सोंड टेकून झोपलेला! "रात्री वाचत होता गं," ग्रंथपालकाकू म्हणाल्या, "पण अर्ध्यावरच स्वारी पेंगली. उठल्यावर पुढे काय झालं म्हणून डोकं खाईल." "तुम्हीच वाचा ना!" "मला कामं आहेत बाई." चिमुरडीचा चेहरा उतरला. वर्गात अडखळल्यावर सगळे खिदळले होते, तेव्हापासून तिने मोठ्याने वाचलंच नव्हतं. पण हत्ती काही हसणाऱ्यातला नव्हता. भिंतीकडे तोंड करून ती त्याला वाचून दाखवू लागली. जोडाक्षरावर गाडी अडली. मागे खेळणी न्यायला आलेल्या मुलांत कुजबुज झाली. तिचे कान तापले. तेवढ्यात कुणीतरी हत्तीशेजारी आपलं अस्वल बसवलं. मग ससा आला, माकड आलं. नाक पुसत चिमुरडीने दटावलं, "गडबड नको! सगळ्यांना दाखवते चित्रं."