वनमालेची खेळी

सकाळी सात वाजता, चहा झाल्यावर, कळंबचे निवृत्त मुख्याध्यापक विष्णुपंत ओसरीत बुद्धिबळाचा पट मांडत. विसरभोळेपणा वाढला म्हणून डॉक्टरांनीच तसं सुचवलं होतं. समोरची खुर्ची रिकामी असे. तरी तिकडचा घोडा आपोआप सरके.

"कुणाशी खेळताय?" पत्नी वनमालाबाईंनी विचारलं.

"आमच्या वनमालेशी. लई हुशार, रोज हरवते मला! तुम्ही मुलाच्या दाखल्यासाठी आलात का, बाई?"

चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचं असं कौतुक कधी केलं नव्हतं. रिकाम्या खुर्चीकडे पाहून ते लाजत हसले.

वनमालाबाईंना त्या वनमालेचा हेवा वाटला. पदर खोचून त्या सरळ त्याच खुर्चीत बसल्या.

अंगाखाली कुणाची तरी उबदार मांडी लागली. त्या उठल्या नाहीत. हात लांबवून त्यांनी वजीर पुढे सरकवला.