झाकलेला चहा

"मॅडम, आतून कुणाचाच आवाज येत नाहीये," रणजित म्हणाला आणि त्यानं बोटीचं इंजिन बंद केलं.

अक्षतानं बोटीतून वाकून गल्लीत पुन्हा एक हाक मारली. खडकीच्या बाजूची, मुळा नदीच्या काठावरची ही वस्ती एरवी कधी गप्प म्हणून नसायची. भांडणं, टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या, सगळं एकदम. आज पहाटे धरणाचं पाणी सुटलं आणि आता गल्लीत दारं निम्म्यावर बुडाली होती. माणूस मात्र एक दिसेना. हाका मारून मारून तिचा घसा बसला.

रणजित बचाव दलाचा प्रमुख. पुष्कळ पूर पाहिलेला गडी. पुलावरून निघतानाच तो म्हणाला होता, "राग मानू नका मॅडम, पण तुमच्या त्या मॉक ड्रिलचा काही उपयोग होत नाही. ऐनवेळी लोक टीव्ही उचलायला मागे पळतात. शेवटी आम्हालाच जाऊन काढावं लागतं."

अक्षताचं म्हणणं नेमकं उलटं. ती सरकारी संस्थेत आपत्तीला तोंड कसं द्यायचं ते शिकवायची. देशभरातले अधिकारी समोर बसायचे आणि ती त्यांना ठासून सांगायची, बोटी आणि जवान सगळीकडे वेळेवर पोचणार नाहीत. गल्लीतल्या माणसालाच गल्ली रिकामी करता आली पाहिजे. नुसतं सांगून भागेना, म्हणून गेली दोन वर्षं ती एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, मांजरीहून, दोन बस बदलून या वस्तीत तालीम घ्यायला यायची. पुढच्या महिन्यात इतर राज्यांतले प्रशिक्षक हीच वस्ती बघायला येणार होते. पण आत्ता तिला कसली राज्यं आठवतायत! तिला मुक्ताई आठवत होती.

मुक्ताई म्हणजे मुलखाची हट्टी म्हातारी. घर नदीला सगळ्यांत जवळ. तालमीत सगळी गल्ली टेकाडावरच्या बुद्धविहारात जमायची, अक्षता एकेकाचं नाव पुकारायची. शेवटचा माणूस "हजर" म्हणेपर्यंत चहाच्या पातेल्यावरचं झाकण काढायचं नाही, हा तिचा नियम. मुक्ताई मात्र खाटेवरून हलायचीच नाही. "खोट्या पुराला मी खरी कशाला उठू? माझा चहा इथंच पाठव," म्हणायची. मग दोघांनी तिला खाटेसकट उचलून आणायचं, तेव्हा कुठं सगळ्यांना चहा मिळायचा, तोही निवलेला.

"चिंध्या बघा," अक्षता म्हणाली. "घर रिकामं केलं की दाराच्या कडीला साडीची चिंधी बांधायची, असं शिकवलंय मी त्यांना. म्हणजे शोधणाऱ्याचा वेळ वाया जात नाही."

कड्या पाण्याखाली होत्या. तिनं पाण्यात हात घालून पहिल्या दाराची कडी चाचपली. नुसतं गार लोखंड. दुसऱ्या दाराला तेच. तिसऱ्यालाही तेच.

"दारं फोडू?" रणजितनं विचारलं.

"विसरले," ती पुटपुटली. "सगळं विसरले हो!" तिला रडूच फुटलं. दोन वर्षांत एवढंही आपल्याला शिकवता आलं नाही, आणि त्याची किंमत ही माणसं आत मोजतायत, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

रणजितनं दारावर पहार टेकवली आणि तो थांबला. "मॅडम, पण ते वर काय लटकतंय?"

तिनं मान वर केली. पत्र्याच्या कडेला हिरव्या काठाची चिंधी बांधली होती. शेजारच्या पत्र्याला जांभळी. पुढं पिवळी, मग फुलाफुलांची. गल्लीभर, घरागणिक एकेक. कडी पाण्याखाली गेली तर चिंधी दिसायची कुणाला? हे अक्षताला कधी सुचलंच नव्हतं. तालमीत पाणी कुठं असायचं! आणि अगदी टोकाला, नदीकडच्या घरावर, निळी चिंधी. मुक्ताईच्या रोजच्या लुगड्याची.

"म्हणजे बोट रिकामीच परत न्यायची म्हणा," रणजित म्हणाला. पण पहार त्यानं हळूच खाली ठेवली.

"रिकामीच!" अक्षता म्हणाली. डोळे पुसत, पण मान ताठ करून म्हणाली. अहो, का नाही म्हणणार?

विहाराशी बोट लागली. दारातच गल्लीतले कचरू आणि शंभू उभे होते, दोघांच्या कमरेला एकच दोर बांधलेला, पाण्यात उतरण्याच्या बेतात. अक्षताला बघून दोघं जागच्या जागी थांबले. आत सतरंज्यांवर सगळी गल्ली बसली होती, म्हातारेकोतारे, तान्ही पोरं, दोन शेळ्यासुद्धा. कुणीतरी पोर चहासाठी भुणभुण करत होतं आणि त्याची आई त्याला दटावत होती. मधोमध चहाचं भलंमोठं पातेलं, आणि त्याच्या झाकणावर हात ठेवून बसलेली मुक्ताई.

"मुक्ताई, तुम्ही उठलात!"

"खऱ्या पुराला नाही उठायचं तर कधी गं?" म्हातारी फणकारली. "मीच दारं बडवून उठवलं सगळ्यांना. आता मधे बोलू नकोस, माझी हजेरी चाललीय. एकीपायी मघापासून चहा निवतोय. पाणी चढलं की ती आमच्यासाठी धावत येणार, हे आम्हाला ठाऊक. अजून पोचली नाही, म्हणून हे दोघं शोधायला निघाले होते."

"अजून कोण राहिलंय?" रणजित दोराकडे हात नेत म्हणाला.

मुक्ताईनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं घसा खाकरला आणि सगळ्या विहाराला ऐकू जाईल अशा आवाजात नाव पुकारलं.

"अक्षता वाघमारे?"

दोन वर्षं अक्षतानं या माणसांची नावं पुकारली होती; तिचं नाव आज पहिल्यांदाच पुकारलं गेलं. सगळे तिच्याकडे बघत थांबले होते.

"हजर," ती म्हणाली, आणि मुक्ताईनं झाकण काढलं.