टिचबटणाखालचं जनावर

वाघजाईच्यान् सांगते, ह्यातलं एक अक्षर खोटं निघालं तर माझी जीभ झडू दे! तोंडात चार दात उरल्यात, त्या चारींची शपथ.

तर कामथडीत सडकंच्या कडंला सावळाराम शिंपी गुडघं टेकून मोटारीला कापड चढवीत व्हता.

आत बिबट्या व्हता.

मोटार पुण्याच्या डाक्टरीणबाईंची. लांब नाकाची, दोनच माणसं बसायची, वर छप्पर न्हाई. दुसरी मोठी लढाई पेटायच्या आधीची दोन-तीन वर्सं बाई आठवड्याला भोरात रोगी बघाया जायच्या. गाडी उभी केली की गाद्यांवर धुरळा, न्हाईतर शेरडं. म्हणून त्यांनी खाकी किंतानाचं झाकण शिवाया टाकलं. मधोमध चीर, चिरंला हुका. उजवी बाजू उघडून बाईंनी गाडी हाकायची, डावी झाकलेलीच ऱ्हायची. कडंनं पितळी टिचबटणं, मोजून बावीस.

सावळारामानं आदल्या दिशी, बाई भोराला जाताना, दोऱ्याला गाठी मारून माप घेतलं. कापताना मातर डावीकडं हातभर कापड जास्त सोडलं.

"शिंप्याचा हात असा सैल कवापासनं झाला?" बायको साळूबाईनं इचारलं.

त्यो कातर चालवीतच ऱ्हायला. ती कोंबडी कापाया बसली, सोमवार असून.

दुसऱ्या दिशी सकाळी बाई भोरावरनं परत आल्या. गाडी दारात लावून च्या प्यायला आत गेल्या. भाईर येऊन बघत्यात तर काय, डावीकडं पाय ठेवायच्या खोबणीत बिबट्या! अंगाची मुटकुळी करून, उबंला बसल्यावाणी. बाई कसली खमकी! पिशवीतनं सुई काढली आन् टोचली फऱ्यात.

"झोपलंय," बाई म्हणाल्या. "पुण्यात सर्कसवाल्याला देते. झाकण लाव लवकर. घटकाभर झोपेल, जास्त नाही."

घटकाभर! आन् बटणं बावीस.

टच्. टच्. सावळारामाच्या कपाळावरचा घाम कापडावर पडाया लागला. डावीकडची अकरा बटणं लागली आन् वढ्याकडनं माणसं आली. हातात भालं, कुऱ्हाडी, काठ्या. म्होरं म्हादू.

त्या दिशी म्हादूच्या पुतणीचं, ठकूचं लगीन व्हतं. पोरीला आईबाप न्हाई. चुलत्यानं राजगडाखालच्या पालीच्या रायबाशी जमवलं. दोन बायका मसणात पोचवून तिसरीला उभा ऱ्हायलेला रायबा. पोरीला हळद लागली, आन् पहाटं परसाकडं गेली ती आलीच न्हाई. वढ्याकाठी फाटका पदर घावला, आन् रगात.

"बिबट्यानं नेली माझी पोर," म्हादू म्हनला. "सावळाराम, जनावर दिसलं का रं?"

तेवढ्यात डावीकडचं कापड हाललं. वर आलं, खाली गेलं. श्वास घेतल्यावाणी.

सगळ्यांनी बघितलं.

"हळू बोला," सावळाराम पुटपुटला. "आतच हाय. बाईंनी सुई टोचलीय."

माणसं दोन पावलं मागं. रायबा चार.

"नवरदेव, म्होरं व्हा की!" कुणीतरी खिजवलं. "तुमची बायकू खाल्लीया त्यानं."

"माझी कशाची? अजून अक्षता कुठं पडल्यात!" रायबा मागनंच बोलला.

म्हादूनं भाला उचलला. "कापडावरनंच भोसकतो."

सावळाराम झाकणावर आडवा पडला. पोटाखाली त्याला ऊब लागत व्हती, धडधड लागत व्हती. जनावराची का आपलीच, ते कळंना.

"आन् एका घावात न्हाई मेलं तर? पयलं कुणाला धरंल, म्हादबा? भाला ज्याच्या हातात त्यालाच!"

म्हादूचा हात वरच ऱ्हायला. मग त्यो डोळं बारीक करून म्हनला, "हितं कापड एवढं सैल का सोडलंस?"

"पाण्यानं आटतं, मालक."

"बाजूला हो. मला बघू दे तरी," ज्ञानू पैलवान म्होरं आला. सावळारामाला त्यानं काखंत धरून उचलला आन् बाजूला ठेवला, गठुडं ठेवल्यावाणी. एक बटण उचकाटलं. फटीला डोळा लावला.

सावळारामानं डोळं मिटलं. आता आरडाओरडा, आता रगात, आता आपून संपलो.

"पिवळं!" ज्ञानू बोंबलला आन् पाठीवर पडला. "पिवळंजरद! डोळं उघडं हायती! जागं हाय!"

काय पळाली माणसं! म्हादूचा भाला सडकंवर, रायबाचं बाशिंग बाभळीत. बाईंनी उजवीकडं बसून गाडी चालू केली. सावळारामानं पळत पळत उघडं बटण अंगठ्यानं दाबलं. टच्. मोटार धुरळा उडवीत पुण्याच्या अंगाला गेली.

सावळाराम दुपारपतूर तिथंच मातीत बसला. साळूबाईनं पाणी आणलं, ते त्यानं डोक्यावर वतून घेतलं.

पुढं म्हादूनं पुतणीचं दिवस घातलं. पिंडाला कावळा काय शिवंना. दुपार कलली तरी न्हाई. "पोरीची लग्नाची इच्छा ऱ्हायली," म्हणत लोक हळहळलं आन् दर्भाचा कावळा करून उरकलं.

बटणं बावीस, कोंबडी, कावळा, समदं खरं. पण चार दातांची शपथ घातलीय, आन् मला अजून भाकरी चावायचीय, म्हणून सांगते. बिबट्या तेवढा, सावळारामानं गावाला सांगितला तसाच, म्या पदरचा घातला. ज्ञानूला पिवळं दिसलं, ती माझ्या अंगावरची हळद व्हती.