दिवस मावळायच्या आत

पहिला बदाम टोकाशीच फाटला. जिनेंद्रनं पीठ पुन्हा गोळा केलं, लाटलं आणि साचा या खेपेला सरळ दाबला. साचा त्याच्याच हातचा. उद्यमबागेतल्या फौंड्रीत तो ओतकामाचे पॅटर्न बनवायच्या कामाला होता; पत्र्याची पट्टी वाकवून पत्त्यातल्या बदामासारखा आकार काढणं त्याला अवघड नव्हतं. पिझ्झे मात्र तो जन्मात पहिल्यांदा करत होता. मोबाईलवरच्या बाईनं पिठात यीस्ट घातलं होतं आणि वर भरपूर कांदा-लसूण. त्यानं यीस्टऐवजी दही आणि सोडा घातला. कांदा-लसणाचा तर प्रश्नच नव्हता. टोमॅटो, ढबू मिरची, मक्याचे दाणे आणि चीज, एवढंच त्रिशलाला चालायचं.

आज तिचा वाढदिवस होता. तो अर्धा दिवस रजा काढून आला होता, कारण त्रिशला हल्ली दिवस मावळल्यावर जेवत नसे आणि तो अनगोळातल्या या घरी पोचायचा अंधार पडल्यावर. त्याचं ताट झाकून ठेवलेलं असायचं. ती आतल्या खोलीत जपाला बसलेली. समोरासमोर बसून दोघं जेवली, त्याला दोन वर्षं झाली. पावनी गेल्यापासून.

त्यांची पोर पावनी चार वर्षांची होती. तिला ताप भरला त्या दिवशी त्रिशलानं कारखान्यात परत परत फोन केला. काम निकडीचं होतं. "सांजच्याला आलो की दवाखान्यात नेऊ गं," असं तो म्हणाला होता, आणि त्याच्या शब्दावर ती थांबली. संध्याकाळी डॉक्टरांनी पोरीला तपासलं आणि फार उशीर झाला, एवढंच सांगितलं.

त्यावरून त्रिशला त्याला एक शब्द बोलली नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. तिनं चारचौघांत जाब विचारला असता, तरी त्याला बरं वाटलं असतं. ती भाकऱ्या थापायची, डबा भरायची आणि त्याच्याकडे न बघता हातात द्यायची. कधी चुकून नजरेला नजर भिडली, तर तिच्या डोळ्यांतला राग बघून तोच मान खाली घालायचा. हा राग एकदा गेला की सगळं पहिल्यासारखं होईल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. आजचा घाट त्यासाठीच होता.

त्यानं कढईत मीठ तापवून, वर जाळी ठेवून, बदाम थोडे थोडे करून भाजले. एकदोन खालून करपले. ते त्यानं स्वतःच्या ताटलीत ठेवले. उरलेल्यांवर ढबू मिरचीच्या बारीक कापांची फुलं मांडली, मधोमध मक्याचा दाणा. गॅलरीत दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या, मध्ये स्टूल. वाटीत पाणी घालून शेवंतीची दोन फुलं सोडली. मग आपल्या वयाचं आपल्यालाच हसू येऊन तो खुर्चीत बसून राहिला.

त्रिशला बस्तीतून आली. चातुर्मासासाठी आर्यिका माताजींचा साध्वीसंघ त्या जैन मंदिरात उतरला होता आणि ती रोज दुपारी प्रवचनाला जायची. गॅलरीच्या दारात ती थबकली.

"हे काय ओ?"

"वाढदिवस न्हवं तुझा. बस. ऊन हाय अजून."

ती हसली. हातपाय धुऊन आली, समोर बसली. एक बदाम उचलून तिनं टोकाकडून खाल्ला, सावकाश, सगळा.

"लई चांगलं झालंय," ती म्हणाली आणि त्याच्याकडे सरळ बघितलं.

त्या नजरेत काहीच टोचणारं नव्हतं. जिनेंद्रनं घाईनं तिच्या ताटलीत दुसरा बदाम ठेवला. त्याला बोलावं वाटायला लागलं. रविवारी बोरगावला आईकडं जाऊन येऊ म्हणाला. भिंतींना रंग देऊ म्हणाला. तिनं त्याला पुरतं बोलू दिलं.

"तुमास्नी एक विचारायचं हाय," मग ती म्हणाली.

"विचार की."

"मला दीक्षा घ्यायची हाय. दिवाळीनंतर संघ पुढं जाणार. त्यांच्यासंगं जाईन म्हंते. पर मालकांनी हो म्हटल्याबिगर न्हाय, असं माताजींनी सांगितलंय."

त्याचा हात ताटलीवरच राहिला.

"घर सोडून?"

"व्हय."

"परत कवा?"

"परत न्हाय."

समोरच्या घराच्या कौलांवर थोडंसं ऊन उरलं होतं. "शिफ्ट बदलून घेतो," तो म्हणाला. "आज आलो तसा रोज येतो."

"ठावं हाय. तुमी येशीला."

तो नाही म्हणाला असता, तर ती राहिली असती. हे त्यालाही कळत होतं. रोज डबा भरला असता, ताट झाकून ठेवलं असतं. त्यानं तिच्याकडे बघितलं. ती खाली मान घालून उत्तराची वाट बघत होती, आणि तिची बोटं पदराच्या काठाशी चाळा करत होती. लग्नात बोहल्यावरही तिनं असंच केलं होतं.

"जा," तो म्हणाला. "मी आडवा येत न्हाय."

तिनं हात जोडले. तिचे डोळे भरून आले होते. त्यानं विचारलं, "एवढं सांग. माझ्यावरचा राग गेला न्हवं?"

"गेला की ओ," ती मायेनं म्हणाली. "राग असता तर ऱ्हायले असते."