बारकीचा आवाज

"मावशी, बॅटरी जरा आत धरा. छिन्नीला काहीतरी लागतंय."

बारकीच्या आईनं बॅटरी घंटेच्या तोंडात धरली. चर्चच्या अंगणात, वाळूच्या दोन पोत्यांवर घंटा आडवी निजवलेली होती. तिची कड तडकली होती. तडा नीट कोरून काढायचा आणि मग त्यात नवा धातू भरायचा, असं ओताऱ्याचं म्हणणं. आई सकाळपासून जागची हलली नव्हती. दवाखान्यात लेकराला टाके घालताना बसावं, तशी घंटेवर एक हात ठेवून बसली होती.

घंटा पाच होत्या. शिवणकारखान्याच्या मालकानं दान दिलेल्या. कारखान्याला आग लागली, पाच मुली गेल्या, आणि एकेका घंटेवर एकेकीचं नाव आलं. सगळ्यात लहान घंटेवर हिच्या लेकीचं. घरात तिला बारकी म्हणायचे, मग घंटाही बारकीच झाली. बाकीच्या चार खणखणीत वाजायच्या. ही पहिल्या दिवसापासून बसक्या आवाजाची. "बारकीला आज पण सर्दी!" घंटा वाजवणारा म्हातारा म्हणायचा. आई हसून सांगायची, "अहो, ती बोलायचीच तशी. घशातल्या घशात." रोज सकाळी तो पाचवा, बसका ठोका कानावर पडला की मगच ती चहाचं आधण ठेवायची.

आगीची चौकशी झाली होती. दाराला कुलूप नव्हतंच, असं मालकानं शपथेवर सांगितलं. कुलूप कुठे सापडलंही नाही. मुली सामानासाठी मागे फिरल्या म्हणून अडकल्या, असं कागदावर आलं. बाकीच्या चार आयांनी ते मानलं नाही. हिनं मानलं. कारण त्या सकाळी उंबऱ्यात उभं राहून हीच म्हणाली होती, "नवा स्वेटर आहे. विसरून आलीस तर घरात घेणार नाही, सांगून ठेवते." नऊ वर्षं झाली. त्या वाक्यावाचून तिचा एक दिवस मावळला नव्हता.

घंटा इथेच, याच अंगणात ओतल्या होत्या. भट्टी पेटली की ज्याला वाटेल त्यानं आपल्याकडचं थोडं पितळ तिच्यात टाकावं, अशी पद्धत. हिनं बारकीचं अंगुस्तान टाकलं, सुई टोचू नये म्हणून ती बोटात घालायची ते. मालकानं एक कापडी पिशवी आणली होती, तोंड शिवलेली. आग विझल्यावर सगळ्यांच्या आधी आत गेलेला माणूस तो. "त्या खोलीतलं पितळ आहे," म्हणाला, "मुठी, बिजागऱ्या. आता पोरींसाठीच वाजू दे." आणि चारचौघांत त्याला रडू फुटलं. गाव हळहळलं. बाकीच्या चार आया मात्र फाटकाबाहेरच उभ्या राहिल्या. केवढ्या कठोर बाया, असं तेव्हा हिला वाटलं होतं.

"लोखंड!" ओतारी म्हणाला. "बघा, चक्क लोखंड आहे आत. बाबा असते तर शरमेनं मेले असते. या घंटा त्यांनीच ओतलेल्या."

"लोखंड कुठून आलं?"

"कुणीतरी टाकलं असणार. आमच्या भट्टीत लोखंड वितळत नाही, मावशी. वर तरंगत राहतं. बाकीचं झाऱ्यानं काढलं असेल बाबांनी, हे एक निसटलं. धातू तळातून सोडतात ना, त्यामुळे वरचं सगळं शेवटच्या घंटेत येतं. आणि लहान घंटा शेवटी ओततात."

त्यानं आणखी चार घाव घातले, पक्कड लावली, अंग टाकून ओढलं. तुकडा सुटला. त्यानं तो पुसून तिच्या तळहातावर ठेवला. बोटाएवढी जाड, वाकवलेली सळई. एक पाय लांब, एक आखूड. आखूड पायाला खाच.

"ही तर कुलपाची कडी," तो म्हणाला. "पितळ वितळून गेलं, कडी तेवढी राहिली. केवढं कुलूप असेल हो! गोदामाला बाहेरून लावतात तसलं. तरीच बिचारीला आवाज फुटत नव्हता."

आईनं मूठ मिटली. कडी गार होती. मग तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं, ताप उतरावा तसं.

"माझी पोर मागे फिरलीच नव्हती," ती म्हणाली. "दाराशीच होती ती. घरी यायला निघाली होती."

ओताऱ्याला काही कळलं नाही. त्यानं मान डोलावली, घाम पुसला, पाणी प्यायला.

"पण टाकलं तरी कसं असेल?" तो सहज म्हणाला. "असली कुलपं म्हणजे काय वजन! आणि भट्टीचं तोंड छातीएवढं उंच, लांबून फेकलं तर धातू अंगावर उडतो. एकट्याचं कामच नाही ते. दुसरं कुणीतरी हाताशी असणार."

आईच्या मुठीतून कडी फरशीवर पडली.

त्या दिवशी भट्टीपाशी मालक रडत होता. पिशवी त्याच्या हातून दोनदा खाली आली होती. फाटकाबाहेरच्या चौघींतली एकही हलली नव्हती. हीच तेवढी डोळे पुसत पुढे झाली होती.

"द्या मालक," म्हणाली होती, "पिशवीचा एक बंद मी धरते."