तळ्यावरची नागडी म्हातारी

बर्लिनबाहेरच्या त्या तळ्यावर रोस्विटा लग्नाआधीपासून नागडीच पोहत आली होती. तिच्यासारखे तिथे बरेच होते आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे. यंदा जवळच्या नव्या इमारतीत राहायला आलेला माल्टे मात्र आपल्या लहानग्या थेआला घेऊन नेमका तिच्या शेजारी बसायचा आणि दर शनिवारी भांडण उकरून काढायचा.

"आजी, वयाचा तरी विचार करा. माझी मुलगी बघतेय."

"बघू दे. म्हातारपणी तिचंही अंग असंच होणार आहे. तुम्हाला सोसवत नसेल तर त्या झाडांपलीकडे जा, तिकडे सगळे कपडे घालून पोहतात."

"आम्ही का जायचं? लाज तुम्ही सोडलीय."

त्या शनिवारी तो तळ्याकडे पाठ करून असाच तावातावाने बोलत होता. रोस्विटाने अचानक त्याला बाजूला ढकललं आणि ती पाण्याकडे धावत सुटली.

"आता पळता कुठे?" तो मागून ओरडला.

तिने उडी घेतली, दोनदा बुडी मारली आणि वर आली तेव्हा तिच्या हातात थेआ होती. पोर खोल पाण्यात घसरली होती. काठावर आणल्यावर ती खोकली, रडली. तिचे ओठ निळे पडले होते आणि ती थरथर कापत होती.

माल्टे टॉवेल घेऊन धावत आला.



तो त्याने रोस्विटाच्या अंगावर टाकला आणि म्हणाला, "निदान आता तरी झाका."